दुष्काळ आणि लोकसंख्येचा जमाखर्च

(व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांच्या विचारार्थ)

दुष्काळ निवारणाच्या कामी द्रव्यसाहाय्य करणाऱ्या गृहस्थांकडून दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला असा की, दुष्काळाने प्रत्यक्ष माणसे किती दगावतात. आणि दुसरा असा की, मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्यावरही फंड चालू ठेवण्याचे प्रयोजन काय. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याने कष्टाचा पैसा दिला, त्यास तो कधी व कोणत्या कामी लागला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे लोकसंख्येच्या नोंदी. गेल्या दीडशे वर्षांत दख्खनच्या पठारावर व त्याच्या आसपास जे दुष्काळ पडले, त्यांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची हालचाल कोणत्या क्रमाने झाली हे पाहिले असता असे आढळते की, दुष्काळाचा सर्वांत मोठा घाव पुष्कळदा पाऊस परत आल्यानंतर बसला आहे. हे म्हणणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. म्हणून ते येथे क्रमशः मांडण्याचे योजिले आहे.

१. चार रकाने

दुकानाच्या खातेवहीत ज्याप्रमाणे जमा, नावे आणि शिल्लक असते, त्याप्रमाणेच प्रत्येक गावाच्या, तालुक्याच्या व जिल्ह्याच्या लोकसंख्येचीही एक वही असते. जमेच्या बाजूस दोन रकाने: जन्मलेली मुले आणि बाहेरून येऊन राहिलेली माणसे. खर्चाच्या बाजूस दोन: मेलेली माणसे आणि गाव सोडून गेलेली माणसे. या चार रकान्यांखेरीज पाचवे कारण कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या वाढण्यास वा घटण्यास नाही.

दर दहा वर्षांनी होणारी खानेसुमारी आपणांस केवळ शिल्लक सांगते. ती शिल्लक कशाने कमी झाली, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूच्या मासिक नोंदी पाहाव्या लागतात. आणि स्थलांतराची तर अशी नोंदवहीही बहुधा नसते, त्याचा अंदाज जन्मस्थानाच्या माहितीवरून व स्त्रीपुरुषांच्या प्रमाणावरून करावा लागतो.

केवळ समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एक हजार वस्तीचे एक गाव आहे. जुन्या काळच्या मानाने तेथे साधारण वर्षी ४५ मुले जन्मतात व ४० माणसे मरतात, म्हणजे वर्षअखेर वस्ती १,००५ होते. पुढे दुष्काळ पडला. त्या वर्षी २५ मुले जन्मली, ९० माणसे मेली, १५० गाव सोडून गेली आणि २० बाहेरून आली. वर्षअखेर वस्ती ८०५ राहिली. सुकाळ असता तर जी संख्या झाली असती तिच्याहून ही २०० ने कमी. या २०० पैकी नेहमीपेक्षा अधिक झालेले मृत्यू ५०, न झालेले जन्म २० आणि निव्वळ स्थलांतर १३०. खानेसुमारीचा कारकून मात्र ८०५ एवढाच आकडा लिहून पुढच्या गावी जातो. त्या एका आकड्यावरून कोणी म्हणेल की दोनशे माणसे मेली, तर ते चूक. आणि कोणी म्हणेल की माणसे केवळ रोजगारासाठी बाहेर गेली आहेत, तर तेही तितकेच चूक. दुष्काळाच्या हानीविषयी जे वाद होतात, त्यांतील बरेचसे हे रकाने एकमेकांत मिसळल्याने होतात.

२. खानेसुमारीचे आकडे काय सांगतात

आता खऱ्या आकड्यांकडे वळू. इ. स. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ मुंबई, मद्रास, म्हैसूर व हैदराबाद या प्रदेशांत पडला. केवळ ब्रिटिश मुलखातील मनुष्यहानी पन्नास लाखांहून अधिक झाली, असा अदमास १८८० च्या दुष्काळ चौकशी मंडळाने केला होता. मुंबई इलाख्यात त्याचा सर्वांत कडक तडाखा ज्या जिल्ह्यांस बसला त्यांपैकी कलादगी हा एक होय. हाच जिल्हा पुढे विजापूर या नावाने ओळखला गेला. आज तो मुलूख कर्नाटकात विजयपुर व बागलकोट या जिल्ह्यांत मोडतो. सोलापूरच्या सीमेस लागून असलेल्या या ज्वारीच्या काळ्या रानात १८७२ साली सुमारे ८ लाख १६ हजार वस्ती होती. १८८१ साली ती ६ लाख ३८ हजारांवर आली. म्हणजे शंभरातील जवळजवळ बावीस माणसे वहीतून नाहीशी झाली.

त्यानंतरची दहा वर्षे एकंदरीत बऱ्या पिकांची गेली. १८९१ साली तेथील वस्ती पुन्हा ७ लाख ९६ हजारांवर पोहोचली. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्यास गुजरात व राजपुताना येथील लोक छपन्नचा काळ म्हणून ओळखतात, असे दोन तडाखे बसले. आणि १९०१ साली संख्या पुन्हा ७ लाख ३५ हजारांवर घसरली. याच दशकात सोलापूर जिल्ह्याची वस्ती सुमारे ७ लाख ५१ हजारांवरून ७ लाख २१ हजार झाली, तर अहमदनगरची (आताच्या अहिल्यानगरची) ८ लाख ८९ हजारांवरून ८ लाख ३८ हजार. गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्याने तर आपला सुमारे सहावा हिस्सा गमावला.

एकदा खाली, मग वर, पुन्हा खाली, असा हा आलेख आहे. तो समजून घ्यावयाचा तर एकेक रकाना दुष्काळात कधी व कसा हलतो हे पाहिले पाहिजे.

३. प्रथम हलतात ती माणसे

पाऊस हुकला की मरण लगेच येत नाही. त्याआधी चारा संपतो, जनावरांचे बाजार भरून वाहतात, बैलजोडी मातीमोल जाते. मग शेतमजूर, बलुतेदार, कोष्टी, साळी यांचे काम थांबते. कारण कुणब्याच्या घरी पीक नसले म्हणजे त्याच्या आश्रयाने जगणाऱ्या सर्वांची मिळकत त्याच दिवशी बंद पडते. गावातील उधार आखडते व धान्याची धारण चढते. नंतर कुटुंबेच्या कुटुंबे गाडीत चूल घालून, अथवा डोक्यावर गाठोडे घेऊन, पाण्याच्या व कामाच्या शोधात निघतात.

१८८० च्या मंडळाच्या शिफारशींनंतर प्रांतोप्रांती जे दुष्काळ नियम तयार झाले, त्यांत या लक्षणांना मुद्दाम स्थान दिलेले आहे. भावाची असाधारण चढ, सावकारी देवघेवीचे आकुंचन, चोऱ्यांची वाढ आणि माणसांची दिशाहीन भटकंती ही दुष्काळाची पूर्वचिन्हे मानून अधिकाऱ्यांनी सावध व्हावे, असे ते नियम सांगत. वाचकांपैकी जे पेढीवर बसतात त्यांस ही चिन्हे कलेक्टरच्याही आधी दिसतात, हे निराळे सांगावयास नको.

रोजगार ठाऊक असलेल्या ठिकाणी ठरवून जाणारा मनुष्य आणि पोटाच्या आगीने वाट फुटेल तिकडे चालणारा मनुष्य, या दोघांत फार अंतर आहे. पहिला घरी पैसा पाठवितो व हंगामास परततो. दुसऱ्याची ताकद वाटेतच संपते. त्यास कोठचे पाणी प्यावे लागेल याचा नेम नसतो. आणि तो रोग घेऊन फिरतो व रोगास बळी पडतो. म्हणून माणसे गाव सोडण्यापूर्वी गावाजवळच काम व चारा मिळणे, हा निवारणाचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय.

४. न जन्मलेली मुले

दुष्काळाची जी हानी कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही, ती जन्मांच्या रकान्यात आहे. मृत्यूंची संख्या वाढण्याच्या आधीच गर्भधारणा कमी होऊ लागतात. मात्र त्याचा परिणाम नोंदवहीत नऊ महिन्यांनी उमटतो. याची कारणे साधी आहेत. नवरा कामावर एकीकडे व बायको मुलांसह दुसरीकडे, अशी ताटातूट होते. लग्ने पुढे ढकलली जातात. उपासमारीने स्त्रियांची पाळी थांबते, आणि पोटात असलेला गर्भही पुष्कळदा टिकत नाही. यामुळे दुष्काळाचा कडेलोट झाल्यावर सुमारे नऊ महिन्यांनी, म्हणजे बहुधा पाऊस परतून पीक उभे असताना, गावातील पाळणे सर्वांत कमी हलतात.

टिम डायसन व अरूप महारत्न या अभ्यासकांनी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील हिंदुस्थानी दुष्काळांच्या मासिक नोंदी तपासून हा क्रम दाखवून दिला आहे. त्यांच्या कामात वऱ्हाडच्या नोंदींचा मोठा आधार आहे, ही महाराष्ट्रीयांस विशेष ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट होय. त्या काळी पाटील व गावकामगार यांनी लिहून ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या पानांनी शंभर वर्षांनंतरच्या पिढीस दुष्काळाची चाल समजावून दिली.

५. मृत्यू आणि परतलेला पाऊस

आता या प्रकरणाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दुष्काळात मनुष्य केवळ अन्नावाचून तडफडून मरतो असा सर्वसाधारण समज आहे. तसे मृत्यू घडतातच. परंतु बहुसंख्य मृत्यू रोगाने होतात, आणि भूक ही त्या रोगाची वाटाडी असते. उन्हाळ्यात विहिरी तळास लागून हजारो माणसे एकाच डबक्यावर येतात, तेव्हा पटकी पसरते. पूर्वीच्या दुष्काळी कामांच्या छावण्यांत हाच अनुभव वारंवार आला. कदान्न व पाला खाऊन हगवण लागते. गर्दीत देवीची साथ शिरते.

यानंतर पाऊस येतो. दात्यास वाटते की संकट टळले. सरकारी कामे बंद होतात. मजूर आपापल्या गावी परततात. नेमक्या याच वेळी हिवतापाची साथ उठत असे. दीर्घ कोरडीनंतर एकदम पाणी साचले की डासांची पैदास होते, आणि तीही अशा माणसांत की ज्यांच्या अंगात वर्षभराच्या उपासाने तग धरण्याचे बळ उरलेले नाही. पूर्वोक्त अभ्यासकांस असे आढळले की, त्या काळच्या बहुतेक मोठ्या दुष्काळांत मृत्यूंचा कळस कोरड्या उन्हाळ्यापेक्षा पाऊस परतल्यानंतरच्या महिन्यांत झाला. हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात आढळले ते १८९७ साली, म्हणजे एक मोठा दुष्काळ चालू असताना. १८७७ साली ज्यांनी निवारणाची कामे पावसाबरोबर गुंडाळली, त्यांस आपण कोणत्या वेळी हात काढून घेत आहो याची कल्पनाही नव्हती. आज ती सबब आपणांस सांगता येणार नाही.

पावसानंतरचे हे महिने कठीण असण्यास आणखी एक कारण आहे, आणि जमीनदार वाचक ते चांगले जाणतात. आकाशातून पाणी पडले म्हणजे कणगीत दाणा पडत नाही. बाजरी घरात यावयास आश्विन-कार्तिक उजाडतो. सोलापूर, नगर, बीड या रब्बीच्या पट्ट्यात ज्वारीची खळी माघ-फाल्गुनात होतात. म्हणजे मृगापासून आठ-नऊ महिने. मधल्या काळात बियाणे नाही, बैल विकलेला, धारण चढलेली, आणि अंगमेहनतीचे काम मात्र वर्षातील सर्वांत जड. अर्धपोटी मनुष्याने औत धरावयाचे ते याच दिवसांत.

मरणाऱ्यांत कोण असतात, हेही नोंदींवरून कळते. तान्ही व लहान मुले आणि वृद्ध हे सर्वांत जास्त. स्त्रीपुरुषांचा विचार केला तर हिंदुस्थानातील दुष्काळांत पुरुषांचे मृत्यू प्रमाणाने अधिक वाढलेले दिसतात. पुरुष कामासाठी दूर भटकतात व रोगांच्या अधिक तोंडी जातात. स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणा कमी झाल्याने बाळंतपणातील मृत्यूही घटतात. अशी त्याची कारणे दिली जातात. परंतु मागे राहिलेल्या विधवेच्या घरी नांगर धरणारा हात उरत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ आहे.

येथे मजुरीच्या दराविषयी एक ऐतिहासिक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामावरील पुरुषाच्या रोजच्या मजुरीत धान्याचे प्रमाण एका पौंडावर, म्हणजे आपल्या सुमारे साडेचारशे ग्रॅमवर, आणले गेले. खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या माणसास ते पुरण्यासारखे नव्हते. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुणे सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू सरकारापुढे मांडली. निवारणात वाचविलेला पैसा मृत्यूच्या रकान्यात जाऊन पडतो, ही गोष्ट त्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिली.

६. भरून आलेल्या संख्येविषयी एक गैरसमज

विजापुराकडील आकड्यांत १८८१ नंतर जी झपाट्याची वाढ दिसते, तिचा पुष्कळांनी उलटा अर्थ केला आहे. गेलेली माणसे परत येतात. पुढे ढकललेली लग्ने होतात. तान्हे मूल दगावलेली स्त्री लवकर पुन्हा गरोदर राहते. आणि दुर्बळ माणसे आधीच गेल्यामुळे पुढील एकदोन वर्षे मृत्यूही कमी होतात. त्यामुळे वही लौकर भरल्यासारखी दिसते. परंतु भरलेली जागा नव्या तान्ह्यांची असते. गेलेल्यांत काम करती माणसेही असतात. दहा वर्षांच्या मुलाने तीस वर्षांच्या कुणब्याची जागा भरावयास आणखी बराच काळ जावा लागतो. तोवर रान पडीत राहते व पेढीवरची बाकी वसूल होत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा समज असा की, लोकसंख्या अन्नापेक्षा जलद वाढते, म्हणून दुष्काळात माणसे वाचविणे म्हणजे पुढच्या दुष्काळाची तरतूद करणे होय. १८७७ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीही या मताचा आधार घेतला होता. पुढील इतिहासाने ते खोडून काढले आहे. आजच्या सीमांतील महाराष्ट्राची वस्ती १९०१ साली १ कोटी ९४ लाख होती, ती २०११ साली ११ कोटी २४ लाख झाली. ही वाढ मुख्यत्वे मृत्यू घटल्यामुळे झाली. आणि मूल जगेल अशी खात्री वाटू लागल्यावर जन्मही आपोआप घटत गेले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर स्त्रीमागे होणाऱ्या मुलांचे प्रमाण १.७ इतके खाली आलेले आढळले. सारांश, जेथे मरणाची भीती मोठी तेथे जन्मही मोठे. जेथे जीविताची शाश्वती, तेथे कुटुंब लहान.

७. साथ, दुष्काळ आणि शहर

चारही रकाने एकाच वेळी हलले, असे दशक म्हणजे १९११ ते १९२१. १९१८ साली पाऊस वाईट रीतीने हुकला, महायुद्धामुळे भाव आधीच भडकलेले होते, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. तिने संपूर्ण हिंदुस्थानात घेतलेल्या बळींचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत. मुंबई इलाख्यात तिची प्राणघातक लाट त्याच वर्षाच्या शरद ऋतूत आली. म्हणजे पीक हातचे गेलेले व धान्य महाग अशा काळात. महाराष्ट्राची वस्ती १९११ साली २ कोटी १५ लाख होती, ती १९२१ साली २ कोटी ८ लाखांवर आली. १९०१ नंतरच्या कोणत्याही दुसऱ्या दशकात महाराष्ट्राची शिल्लक अशी घटलेली नाही.

परंतु त्याच दशकात मुंबई शहर ९ लाख ७९ हजारांवरून ११ लाख ७६ हजारांवर गेले. गावच्या वहीत जो खर्च पडला त्याचा काही भाग शहराच्या वहीत जमा झाला होता. या शहराची वस्ती स्थलांतरावर कशी चढते-उतरते हे व्यापाऱ्यांस नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचा भाव आला तेव्हा, १८६४ साली, मुंबईत ८ लाख १६ हजार माणसे मोजली गेली. तेजी कोसळल्यावर १८७२ साली ती ६ लाख ४४ हजार भरली. १८९६ साली मांडवी भागात ग्रंथिज्वर सुरू झाला, शहर ओस पडू लागले, आणि १८९१ च्या ८ लाख २२ हजारांची संख्या १९०१ साली ७ लाख ७६ हजार झाली. शहर हे गावच्या माणसांवर भरते आणि संकट आले की गावाकडेच रिते होते.

दुष्काळावाचूनही हा प्रवाह चालतो. कोकणची माणसे गिरण्यांत व गोदीत कित्येक पिढ्या गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती शेकडा ४.८ ने व सिंधुदुर्गाची शेकडा २.२ ने घटली. तेथे कोणताही दुष्काळ पडलेला नव्हता. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, यावरून गावी कोण मागे राहते हे उघड होते. दुसरीकडे मराठवाड्यातील बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील लक्षावधी माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ज्या वर्षी पाऊस हुकतो, त्या वर्षी कोयता घेणाऱ्यांची संख्या वाढते. अशा बिऱ्हाडांबरोबर मुलेही जातात, आणि शाळेच्या पटावरील त्यांची नावे सहा महिने रिकामी राहतात.

८. १९७२ चा धडा

या सर्व निराशाजनक आकड्यांत एक उत्साह देणारे उदाहरण आहे. १९७२-७३ साली महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला तो पावसाच्या व पिकाच्या मानाने कोणत्याही जुन्या दुष्काळास हार जाणारा नव्हता. तथापि १८७७ किंवा १९०० सारखा मृत्यूंचा डोंगर त्या वेळी रचला गेला नाही. याचे मुख्य कारण असे की, गावाच्या आवाक्यात काम काढण्यात आले. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते व खडी यांच्या त्या कामांनी लोकांच्या हाती मजुरी दिली, आणि मजुरीमागे धान्य आले. मुंबई-पुण्याकडे माणसे गेलीच. परंतु गावेच्या गावे देशोधडीस लागली नाहीत.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवाने दृढ झाली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली केंद्र सरकारने साऱ्या देशासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला त्यास हाच पाया मिळाला. वेळेवर निघालेले काम मृत्यूचा व परागंदा होण्याचा, असे दोन्ही रकाने आवरून धरते, हे या उदाहरणाने सिद्ध झाले आहे.

९. दात्यांनी यातून काय घ्यावे

वरील विवेचनावरून आम्ही पुढील गोष्टी दात्यांच्या विचारासाठी ठेवतो.

एक. साहाय्य लवकर यावे. बैल बाजारात जाण्यापूर्वी दिलेला चारा हा बैल विकल्यावर दिलेल्या तगाईपेक्षा स्वस्त पडतो, आणि गाव सोडण्यापूर्वी दिलेले काम हे शहराच्या फुटपाथावर उघडलेल्या अन्नछत्रापेक्षा अधिक माणसे राखते.

दोन. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांचे पोषण हा निराळा खर्च समजावा. ही माणसे कामावर मजुरी मिळवू शकत नाहीत, म्हणून कामाच्या योजनेत ती सुटतात. आणि मृत्यूच्या वहीत मात्र त्यांचीच नावे प्रथम लागतात.

तीन. फंडाचा निदान एक तृतीयांश भाग पावसानंतरच्या महिन्यांसाठी हात न लावता ठेवावा. हिवतापाचा जोर आज पूर्वीइतका राहिलेला नाही. परंतु दूषित पाण्याचे विकार, अशक्तपणा, बियाण्याची टंचाई आणि बैलावाचून अडलेले औत ही आजही त्याच महिन्यांची दुखणी आहेत. पाणी शुद्ध करण्याची साधने, औषधे, बी-बियाणे व कापणीपर्यंतचे धान्य यांसाठी हा पैसा लागतो. पाऊस पडताच फंड बंद करणे म्हणजे नदी उतरताना काठाच्या अलीकडे दोन हात नाव सोडून देणे होय.

चार. बाहेर गेलेल्यांचा विसर पडू नये. ते ज्या तळावर उतरतात तेथे पाणी, औषध व मुलांची शाळा यांची सोय करणे हा निवारणाचाच भाग आहे. कारण तीच माणसे पुढील हंगामास परतावी अशी आपणा सर्वांची इच्छा असते.

पाच. प्रत्येक गावी जन्म, मृत्यू, गेलेले व आलेले, अशा चार रकान्यांची साधी वही ठेवली जावी. हिला फारसा खर्च नाही. गावातील शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडीच्या बाई यांच्या साहाय्याने ती महिन्याचे महिने भरता येते. २०२१ साली व्हावयाची खानेसुमारी त्या साली झाली नाही. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीच्या शिलकेवर विसंबून धान्य वाटणे धोक्याचे ठरते.

व्यापारीवर्गास आमची विनंती आहे की, टंचाईच्या दिवसांत आपापल्या पेठेत बेताच्या नफ्याने धान्य विकणारे एकेक दुकान चालवावे. आणि जमीनदारांस विनंती आहे की, बागाईत ठिकाणी चारा राखावा, विहिरीवर शेजाऱ्याचे पोहरे येऊ द्यावे, व खंडाची बाकी पुढील खळ्यापर्यंत थांबवावी. यांत परोपकार तर आहेच; परंतु व्यवहारही आहे. गिऱ्हाईक जगले तर पेठ जगते, आणि कुणबी गावी टिकला तर जमिनीस मोल राहते. ओसाड गावच्या सातबाऱ्यावर कोणासही कर्ज मिळत नाही.

वर जे आकडे दिले आहेत त्यांतील प्रत्येक एकक म्हणजे एक चूल, एक उंबरा, एक नाव होते. ती नावे आता परत लिहिता येणार नाहीत. परंतु पुढच्या दुष्काळाचे पान अद्याप कोरे आहे. त्यावर कोणत्या रकान्यात काय लिहिले जावे, हे पुष्कळ अंशी आपण साहाय्य कधी सुरू करतो आणि किती दिवस पुरवितो यावर अवलंबून आहे. तरी दात्यांनी आपली देणगी देताना ती पहिल्या पावसापर्यंतच नव्हे, तर पहिल्या खळ्यापर्यंत पुरेल असा विचार करावा, अशी आमची सर्वांस सविनय प्रार्थना आहे.